झिजायचं कुणी?

आज्जीच्या गुडघ्याचं ऑपरेशन लातूरला झालं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून नमुन्याचा एक कृत्रिम गुडघा काढून आमच्यासमोर ठेवला. वर चकचकीत धातूचा गोलसर भाग, खाली धातूचीच तबकडी आणि दोन्हींच्या मध्ये पांढऱ्या प्लास्टिकचा, साधारण एक सेंटीमीटर जाडीचा तुकडा. आज्जीनं तो तुकडा उचलला, अंगठ्याच्या नखानं त्यावर ओरखडा ओढून पाहिला आणि विचारलं, "दोन्हीकडून लोखंड आन् मधी ह्ये पलास्टिक? टिकंल का?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, हे थोडं थोडं झिजतं, म्हणून तर बाकीचं टिकतं."

"मग माझ्यासारखंच हाय की," असं म्हणून आज्जीनं तुकडा खाली ठेवला.

आम्ही सगळे हसलो. मी मात्र रात्रभर त्या वाक्यात अडकून पडलो. मी नांदेडला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलो. 'घर्षण आणि झीज' हा आम्हाला परीक्षेत हमखास येणारा धडा होता. पाठ केला, लिहिला आणि विसरलो. त्या धड्यात एक प्रश्न कधीच नव्हता. दोन वस्तू एकमेकींवर घासणार हे ठरलेलं असेल, तर त्यातल्या कुणी झिजायचं, हे कोण ठरवतं? आणि झिजणाऱ्याला पुन्हा भरून यायची काही सोय असते का?

गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळा या दुसऱ्या प्रश्नावर काम करत आहेत. ओरखडा पडला की आपला आपण बुजवणारं प्लास्टिक, घासलं की आतून तेल सोडणारा लेप, तुटलं तरी पुन्हा जुळणारं जेल. यातलं काही काम पुण्यात आणि अंबरनाथला झालंय. त्याची गोष्ट सांगायची तर सुरुवात मात्र आमच्या वाड्यातल्या बैलगाडीपासून करावी लागेल.

वंगणाचा नळा

आमचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, तरुणपणीची गाडी लाकडी चाकांची, लोखंडी धाव बसवलेली. गाडीच्या खाली दोरीनं एक बांबूचा नळा बांधलेला असायचा. त्यात वंगण. एरंडेल तेल आणि जाळलेल्या चिंध्यांची काजळी यांचं काळं, दाट मिश्रण. लांबच्या गावाला निघायच्या आधी आबा चाकाची खीळ काढायचे, चाक थोडं बाहेर ओढायचे, आसावर बोटानं वंगण फासायचे आणि चाक परत बसवायचे. बाजाराला निघालेली एखादी गाडी कुरकुरत जाताना ऐकली की म्हणायचे, "त्येच्या बैलाला इच्यारा, गाडी किती जड हाय ते."

आबांना जे माहीत होतं ते माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. इजिप्तमधल्या जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवलाय, रांगा करून माणसं तो ओढताहेत आणि घसरगाडीच्या टोकावर उभा असलेला एक माणूस पुढच्या वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं लोकांना वाटायचं, हा काहीतरी धार्मिक विधी असेल. २०१४ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं, की वाळू बेताची ओली केली तर ओढायला लागणारा जोर जवळपास निम्म्यावर येतो. चित्रातला तो माणूस म्हणजे आमच्या आबांचाच पूर्वज, वंगण घालणारा.

एवढी जुनी गोष्ट असून या विद्येला स्वतंत्र नाव मिळालं ते १९६६ साली. इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीनं सरकारला अहवाल दिला. घर्षण, झीज आणि वंगण यांच्याकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. 'घासणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या शास्त्राला 'ट्रायबॉलॉजी' म्हटलं. आपल्याकडे झिजण्याचा हिशेब पैशात कुणी मांडला नाही, पण भाषेत तो जागोजागी मांडलाय. आपण कचेरीचे उंबरठे झिजवतो, नोकरीसाठी चपला झिजवतो, आणि कुणी घरासाठी देह झिजवला तर त्याला चंदनाची उपमा देतो. उगाळणारा हात आणि सहाण मात्र त्या उपमेत येत नाहीत.

जात्याला टाकी

आज्जीकडे झिजण्याचं दुसरं शास्त्र होतं, जात्याचं. गाडीला घर्षण नको असतं, जात्याला ते हवं असतं. दळून दळून जात्याच्या पाळी गुळगुळीत झाल्या की ज्वारी नुसती चेंगरते, पीठ पडत नाही. मग गावात टाकी लावणारी बाई आली की आज्जी तिला बोलवायची. ती छिन्नी-हातोडीनं पाळीवर बारीक बारीक खड्डे पाडायची. त्यानंतरचं पहिलं दळण जनावराला घालायचं, कारण पिठात दगडाची कच यायची.

या एका रिवाजात झिजेचं अर्धं शास्त्र आलं. पहिली गोष्ट, झिजलेलं पुन्हा कामाचं करायला कुणाचा तरी हात लागतो. दुसरी गोष्ट, जे झिजतं ते कुठंतरी जातं. ते नाहीसं होत नाही. पिठात उतरतं, पोटात जातं. ही दुसरी गोष्ट विसरल्याची मोठी किंमत पुढं एका नामांकित सर्जनला मोजावी लागली. त्याच्याकडे येतोच, पण वाटेत नांदेडची गिरणी लागते.

भोंगा

निजामाच्या राजवटीत नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. तिच्या भोंग्यावर शहराची घड्याळं लागत, असं जुनी माणसं अजून सांगतात. गाव सोडून आबा नांदेडला आले आणि गिरणीत ऑइलमन म्हणून लागले. हातात लांब चोचीची तेलाची कुपी, खांद्यावर फडकं. रांगेनं उभ्या साच्यांच्या मधून फिरायचं आणि ठरलेल्या जागी ठरलेले थेंब सोडायचे. कमी पडलं तर लोखंड तापतं, जास्त पडलं तर कापडावर डाग येतो. आबा म्हणायचे, "कानानं तेल घालायचं असतं, डोळ्यानं न्हाई." कोरडी पडलेली जागा आधी ऐकू येते, मग दिसते.

साच्यात एक छोटा भाग असतो, पिकर. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकण्याचं काम त्याचं. मिनिटाला दीडशे-दोनशे फटके, दिवसभर. हा पिकर कच्च्या कातड्याचा, बहुतेक म्हशीच्या, घड्या घालून दाबून केलेला आणि महिनोन् महिने तेलात मुरवलेला असायचा. लोखंडाचा का नाही? कारण मग धोटा फुटला असता. पिकर मुद्दामच मऊ ठेवायचा. तो फाटला की फेकून द्यायचा आणि नवा लावायचा.

यंत्रशास्त्रात याला पक्का नियम आहे. घासणाऱ्या जोडीत एक कठीण ठेवायचा आणि एक मऊ. फिरणारा दांडा पोलादाचा, त्याला धरणारा बुश पितळी किंवा कांशाचा. दांडा महाग, बदलायला कटकटीचा. बुश स्वस्त, बदलायला सोपा. म्हणून झीज बुशच्या वाट्याला द्यायची. कुणी झिजायचं हे निसर्ग ठरवत नाही, यंत्र आखणारा ठरवतो, आणि जे स्वस्त त्याच्याकडे बोट दाखवतो. कॉलेजात हे वाक्य मी निर्विकारपणे लिहिलं होतं. आता गिरणीतल्या माणसांची आठवण आली की ते तितकं निर्विकार वाटत नाही.

तेलात मुरवलेलं ते कातडं मात्र लक्षात ठेवा. कातडं हा निसर्गानं केलेला पॉलिमर, म्हणजे लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा पदार्थ. त्यात तेल मुरवलं की वंगण बाहेरून घालायची गरज कमी होते; पदार्थच आपलं वंगण अंगात बाळगतो. १९३० च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं हीच युक्ती धातूवर केली. कांशाची भुकटी दाबून, भाजून सच्छिद्र बुश तयार केला आणि त्या छिद्रांत तेल भरलं. दांडा फिरून बुश तापला की तेल बाहेर येतं, थंड झाला की परत आत शोषलं जातं. तुमच्या घरातल्या छोट्या टेबल फॅनमध्ये असा बुश असण्याची बरीच शक्यता आहे. आबांच्या कुपीचं काम त्या इवल्याशा कड्यानं उचललं.

लँकेशायरचा विक्रेता

आता तो सर्जन. जॉन चार्नली, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये हाडांचे डॉक्टर. खुब्याचा सांधा झिजून माणसं अंथरुणाला खिळत, त्यांच्यासाठी कृत्रिम सांधा करायचा त्यांचा ध्यास होता. सांध्याची वाटी कशाची करायची? १९५८ च्या सुमारास त्यांनी टेफ्लॉन निवडलं.

निवड बिनचूक वाटत होती. टेफ्लॉन १९३८ साली रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला अपघातानंच सापडलं होतं आणि त्याच्याइतकं निसरडं दुसरं प्लास्टिक शोधून सापडणं अवघड. चार्नलींनी सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. माणसं चालायला लागली. दोन-तीन वर्षांत मात्र वाट्या भराभर झिजल्या आणि झिजलेल्या कणांभोवती शरीरात गाठी तयार झाल्या. निसरडं असणं आणि न झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं. शिवाय जात्याची कच जशी पिठात उतरते, तशीच सांध्याची कच शरीरात उतरते, हेही कळलं. त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

१९६२ साली एक विक्रेता हॉस्पिटलच्या कार्यशाळेत आला. तो जर्मनीत तयार झालेल्या एका नव्या प्लास्टिकचे भाग विकत होता. कुणाला? लँकेशायरच्या कापडगिरण्यांना, साच्यांमध्ये बसवायला. हे प्लास्टिक म्हणजे अति लांब साखळ्यांचं पॉलिथिन, आपल्या कॅरीबॅगचंच दणकट भावंडं. चार्नलींनी तुकडा हातात घेतला, त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि बाजूला ठेवून दिला. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यानं मात्र तो आपल्या झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. यंत्र तीन आठवडे रात्रंदिवस चाललं. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढंही हे तीन आठवड्यांत झिजलं नव्हतं.

तरी चार्नली घाई करायला तयार नव्हते. दोन्ही प्लास्टिकचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिथिनच्या जागी तसं झालं नाही. १९६२ संपायच्या आत पॉलिथिनची पहिली वाटी रुग्णाला बसली. आज खुब्याच्या आणि गुडघ्याच्या असंख्य सांध्यांत तेच पॉलिथिन, सुधारलेल्या रूपात, वापरलं जातं.

हे वाचलं तेव्हा मी आज्जीकडे पाहिलं. नखानं ओरखडा काढून बघायची तिची रीत आणि त्या मोठ्या सर्जनची रीत एकच होती. आणि आबा ज्या साच्यांच्या मधून तेल घालत फिरले, तसल्याच साच्यांसाठी केलेलं प्लास्टिक आता आज्जीच्या गुडघ्यात बसणार होतं.

माती आणि काड

टेफ्लॉन सांध्यातून गेलं, पण यंत्रांतून गेलं नाही. त्याचा भरभर झिजण्याचा दोष काढायला त्यात दुसरं काहीतरी मिसळायचं, असा मार्ग सापडला. काचेचे तंतू, कार्बन, कांशाची भुकटी. असं मिश्रण केलं की टेफ्लॉनची झीज शंभर पटींहूनही कमी होऊ शकते. दोन वेगळे पदार्थ एकत्र करून दोघांत एकट्याला नसलेला गुण आणायचा, याला संमिश्र पदार्थ किंवा कंपोझिट म्हणतात. मराठवाड्यातलं धाब्याचं घर बघितलंय का? चिखलात भुसा आणि काड तुडवून भिंती लिंपतात. नुसती माती वाळून तडकते, नुसतं काड उभं राहत नाही. मिसळलं की भिंत होते.

टेफ्लॉनच्या कंपोझिटची आणखी एक गंमत आहे. घासताना त्याचा अगदी पातळ थर समोरच्या धातूवर चिकटतो आणि मग टेफ्लॉन टेफ्लॉनवरच घसरू लागतं. स्वतःतला थोडा भाग समोरच्याला देऊन ते दोघांची झीज कमी करतं.

तरी इथपर्यंत जे झालं ते झीज लांबवण्यापुरतं. झिजलेलं भरून काढणारं अजून काही नव्हतं. हाड मोडलं तर जुळून येतं, कातडी फाटली तर भरते, पण लोखंड, लाकूड, प्लास्टिक एकदा गेलं की गेलं. आपल्या शरीरातही एक जागा अशीच आहे. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. ती घासायला अप्रतिम आहे, पण बिघडली की भरून येणं जवळपास नाहीच. सगळं अंग भरून येतं आणि जिथं सगळ्यात जास्त घासतं, नेमकी तीच जागा राहते. आज्जीच्या गुडघ्याची गोष्ट एवढीच.

जवस

फेब्रुवारी २००१ मध्ये 'नेचर' या विज्ञाननियतकालिकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या स्कॉट व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी इपॉक्सी नावाच्या कठीण प्लास्टिकमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो कुप्या मिसळल्या होत्या. प्रत्येक कुपीत पातळ औषध आणि बाहेर, प्लास्टिकमध्ये विखुरलेला, त्या औषधाला घट्ट करणारा पदार्थ. तडा गेला की वाटेतल्या कुप्या फुटतात, औषध तड्यात ओढलं जातं, विखुरलेल्या पदार्थाला भेटतं आणि घट्ट होतं. तडा सांधतो. मूळ चिवटपणाच्या ७५ टक्क्यांपर्यंत ताकद परत आली. बाहेरून कुणीही हात लावला नव्हता. आबांची कुपी या वेळी पदार्थाच्या पोटात जाऊन बसली होती.

या कल्पनेत पुढं आपल्या ओळखीचं तेल आलं. अंबरनाथला संरक्षण खात्याची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. जहाजाच्या रंगावर ओरखडा पडला की खाऱ्या पाण्यानं तिथूनच गंज सुरू होतो, ही त्यांच्या समोरची अडचण. २००८ साली तिथल्या सी. सूर्यनारायण आणि धीरेंद्र कुमार यांनी के. चौडोजी राव यांच्यासोबत एक काम प्रसिद्ध केलं. रंगात मिसळायच्या सूक्ष्म कुप्या त्यांनी तयार केल्या आणि त्यांत भरलं जवसाचं तेल.

जवसच का? कारण जवसाचं तेल वाळतं. खोबरेल किंवा एरंडेल ताटलीत ओतून ठेवा, महिन्यानंही ते तेलच राहील. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाचा चिवट पापुद्रा होतो. म्हणजे ते स्वतःच पॉलिमर होतं. यासाठीच चित्रकार ते रंगात घालत आले, याचसाठी क्रिकेटच्या नव्या बॅटला ते चोळतात. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजानं वाळलेलं जवसाचं तेल आणि बुचाच्या झाडाचा भुसा यांचं मिश्रण कापडावर थापून पायाखाली झिजायला दाद न देणारी फरशी केली. तिचं नाव लिनोलियम, म्हणजे सरळ अर्थानं जवसाचं तेल. झीज सोसणारा पॉलिमर कंपोझिट दीडशे वर्षांपूर्वी झाला होता, तोही चटणीच्या बियांपासून.

अंबरनाथच्या प्रयोगात रंगावर ओरखडा पडला की कुप्या फुटत, तेल ओरखड्यात पसरे, हवेला लागून वाळे आणि जखमेवर खपली धरावी तसा पापुद्रा धरे. खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याखाली ठेवल्यावर साध्या रंगापेक्षा हा रंग गंजाला जास्त दाद न देणारा ठरला.

झिजेच्या दृष्टीनं या युक्तीत आणखी एक फायदा दडलाय. वाळणारं तेल ओलं असताना वंगण असतं आणि वाळल्यावर मलम. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी टुंग नावाच्या झाडाच्या बियांचं, जवसासारखंच वाळणारं तेल कुप्यांत भरून इपॉक्सीच्या लेपात घातलं. हेतू सरळ होता. घासलं तर तेलानं घसरण द्यावी, ओरखडलं तर जखम बुजवावी, दोन्ही कामं एकाच थेंबानं. मेण किंवा साधं वंगणतेल भरलेल्या कुप्यांचेही असे लेप झालेत. पृष्ठभाग जसजसा झिजतो तसतशी कुप्यांची पुढची रांग उघडी पडते आणि तेल सुटतं. झीज स्वतःच वंगणवाल्याला हाक मारते.

लातूरला तेलबिया संशोधन केंद्र आहे. आज्जीच्या लहानपणी रब्बीच्या ज्वारीत करडईच्या आणि जवसाच्या ओळी असायच्या. आता नजर जाईल तिकडे सोयाबीन. जवस उरलाय तो चटणीपुरता. तिला मी सांगितलं की जवसाच्या तेलानं जहाजाचा ओरखडा बुजवतात. ती म्हणाली, "मग त्यात काय? आमी दाराला लावायचो की."

पुण्यातले हात

कुप्यांची एक मर्यादा आहे. त्या फुटल्या की संपल्या. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर औषध उरलेलं नसतं. मग असा पदार्थ करता येईल का, जो औषध वेगळं बाळगणारच नाही, ज्याचे रेणूच एकमेकांना पुन्हा पुन्हा धरतील?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपण जिला एनसीएल म्हणतो तिथं, डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि त्यांची विद्यार्थिनी शायनी वर्गीस हे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलवर काम करत होते. २००६ साली त्यांनी दाखवलं की त्यांचं जेल कापून तांब्याच्या क्षाराच्या मदतीनं परत जोडता येतं. पुढं वर्गीस अमेरिकेत सॅन डिएगोला गेल्या आणि २०१२ साली माशेलकर, लेले आणि तिथले सहकारी यांच्यासोबत त्यांचा निबंध आला, झटपट भरून येणाऱ्या जेलवर. आम्लाच्या द्रावणात या जेलचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की काही सेकंदांत चिकटतात. अल्कलीत टाकले की सुटतात, पुन्हा आम्लात आणले की पुन्हा जुळतात.

यामागचं कारण फार सोपं आणि सुंदर आहे. जेलच्या मुख्य साखळीला बाजूनं लोंबणारे छोटे हात आहेत आणि त्या हातांच्या टोकांना समोरच्याला धरणारे गट. हे धरणं हायड्रोजन बंधाचं, म्हणजे सुटू शकणारं आणि परत होऊ शकणारं. हात आखूड असले तर समोरच्यापर्यंत पोचत नाहीत. फार लांब असले तर आपल्याच शेजाऱ्यांत गुंततात. मधली एक लांबी आहे, जिथं ते बरोबर पलीकडं पोचतात.

हे जेल मऊ आहे, त्याचा बुश होणार नाही. पण भरून येणं एकदाच असायला हवं असं नाही, हे त्यानं दाखवलं. आज कठीण प्लास्टिकमध्ये असे सुटून जुळणारे बंध घालायचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

उसंत

मग आज्जीच्या गुडघ्यात असं प्लास्टिक का नाही? मी हे वाचत असताना तिनंही हाच प्रश्न विचारला. "मंग मला का न्हाई बसवलं त्ये?"

उत्तर त्या निबंधांतच आहे. व्हाइट यांच्या इपॉक्सीला पूर्ण भरून यायला जवळपास दोन दिवस लागले, तेही तडा शांत ठेवून. पुण्याचं जेल सेकंदांत चिकटतं, पण जोड जितका वेळ टेकवून ठेवावा तितका मजबूत होतो. जवसाच्या तेलाला वाळायला हवा लागते आणि वेळ लागतो. भरून येण्याच्या सगळ्या रीतींना एक गोष्ट लागतेच, थोडी उसंत. आणि घासणाऱ्या जागेला उसंत नसते. बुश फिरतच राहतो, पिकर फटके देतच राहतो, गुडघा उठता-बसता घासतच राहतो. जखम बुजायच्या आत पुढचा ओरखडा येतो. घर्षणासाठी स्वतः भरून येणारा पदार्थ करणं अवघड आहे ते या कारणानं. भरून येण्याचा वेग झिजण्याच्या वेगाला गाठला पाहिजे. शिवाय शरीरात जायचं तर त्या कुप्या आणि त्यातलं औषध निरुपद्रवी असल्याचं सिद्ध व्हायला हवं, आणि चार्नलींचे तीनशे रुग्ण कुणीही विसरलेलं नाही.

तरीही मला वाटतं, काहीतरी बदललंय. बैलगाडीपासून गिरणीपर्यंत आणि गिरणीपासून गुडघ्यापर्यंत प्रत्येक आखणीत विचार व्हायचा तो जे वाचवायचं त्याचा. जे झिजायचं ते बदलून टाकायचं, एवढाच त्याचा हिशेब. बुशची, पिकरची विचारपूस कुणी केली नव्हती. या नव्या पदार्थांत पहिल्यांदा कुणीतरी झिजणाऱ्याच्या बाजूनं बसून विचार करतंय, की यालाही भरून कसं यावं.

ऑपरेशन होऊन सहा आठवडे झालेत. आज्जी काठीनं अंगणापर्यंत जाते. डॉक्टरांनी सांगितलंय, व्यायाम करा, चाला, पण घरातली कामं एवढ्यात नको. पन्नास वर्षांत तिला एवढी मोठी रजा कुणी दिली नव्हती. तिला ती कशी घ्यायची तेच कळत नाही. दर दहा मिनिटांनी उठायला बघते आणि आई तिला परत बसवते.

परवा चटणीसाठी जवस मी भाजला. आज्जी खाटेवर बसून बघत होती. खलबत्त्यात कुटायला लागलो तसा तेलाचा वास सुटला आणि बत्त्याला तेल चढलं. मी बोटानं ते पुसून पाहिलं.

"हात थांबवू नगंस," आज्जी म्हणाली, "आन् मीठ आत्ताच टाकू नगंस. मागून."

मी कुटत राहिलो. ती बसून राहिली.